उतारावरचे दगड

‘तीर्थंकर’ हा शब्द आपल्या घरात दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जातो. सकाळच्या अभिषेकाला, स्वाध्यायाला, मुलांना गोष्ट सांगताना. पण त्यातल्या ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ फारसा कुणाच्या मनात येत नाही. तीर्थ म्हणजे नदीतून पलीकडे जाण्याची जागा. आपल्या खेड्यातल्या बोलीत सांगायचं तर ‘उतार’. जिथं पाणी कमी, तळाला खडक, काठ उतरता, तिथून माणसं आणि गुरं पार होतात. संसाराच्या नदीला असा उतार करून देतो तो तीर्थंकर. आपल्या पूर्वजांना धर्म सांगायला नदी ओलांडण्याचीच उपमा सुचली, यावरून त्या काळी नदी ओलांडणं किती मोठी गोष्ट होती ते कळतं.

आज मला या उतारांबद्दलच लिहायचं आहे. धर्माच्या अंगानं थोडं, इतिहासाच्या अंगानं जास्त. कारण आपल्या भागातले जुने पूल आता पाडले जाताहेत आणि त्यांच्या जागी नवे, रुंद पूल येताहेत. ते यायलाच हवेत. पण नवा पूल बांधण्याआधी त्या जागेत काय आहे हे कुणी बघतं का? हा प्रश्न एखाद्या गृहिणीनं विचारावा असा वाटत नाही खरा. पण या मातीत आपल्याच आज्या-पणज्यांची नावं पुरलेली आहेत. म्हणून विचारते.

पूल नसलेल्या काळात नदीकाठी काय असायचं ते डोळ्यापुढं आणा. पावसाळ्यात पूर आला की माणसं चार-चार दिवस काठावर अडकून पडत. अडकलेल्यांना निवारा हवा, म्हणून धर्मशाळा. पोटाला हवं, म्हणून बाजार. राजाला जकात हवी, म्हणून नाका. पलीकडे सुखरूप पोचल्यावर हात जोडायला देऊळ. नदीवर झुंजून मेलेल्याचा वीरगळ. काठावर देह ठेवलेल्या एखाद्या साधकाचा स्मृतिस्तंभ. असं शतकानुशतकं त्या दोन काठांवर साचत जातं. मग आपल्या काळात इंजिनिअर येतो. त्यालाही पात्र अरुंद हवं असतं, पायाला खडक हवा असतं, आणि आधीचा रस्ता तिथपर्यंत आलेला असला तर फारच बरं. म्हणजे तो नेमका जुन्या उताराशीच येऊन उभा राहतो. यात त्याचा दोष काहीच नाही. नदीनं दोघांनाही एकच जागा दाखवलेली असते. पण म्हणूनच माळावरच्या साध्या रस्त्याला जे धोके नसतात, ते पुलाला असतात. पुलाची दोन टोकं बहुतेक वेळा इतिहासाच्या डोक्यावर पडतात.

पूल म्हटलं की आपल्याला पाण्यातले खांब दिसतात. पण जमिनीची नासधूस खांबांपेक्षा बाकीच्या कामानं अधिक होते. दोन्ही बाजूंचा भराव, जोडरस्ता, भरावासाठी शेजारच्या शेतातून उचललेली माती, खडी टाकायची जागा, यंत्रं उभी करायची जागा, आणि काम चालू असेपर्यंत वाहनांसाठी काढलेला तात्पुरता वळणरस्ता. जेसीबीला खापरी आणि खडा यांतला फरक कळत नाही. एका दुपारी दोन हजार वर्षं उचलून ट्रकमध्ये टाकली जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

अमेरिकेत १९६६ साली राष्ट्रीय पातळीवर एक कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी ज्या कामाला लागते, ते काम सुरू करण्याआधी ऐतिहासिक जागांवर त्याचा काय परिणाम होईल ते तपासायचं. यातून खेड्यातला लहानसा पूलही सुटत नाही. ही तपासणी कशी करतात ते वाचलं तेव्हा मला तिच्यात फार अवघड असं काही दिसलं नाही. आधी जुने नकाशे आणि कागद काढायचे. पूर्वी इथं काय सापडलं होतं ते बघायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. मग शेतातून ओळीनं चालत जायचं, नजर खाली ठेवून, आपण तांदूळ निवडतो तशी. त्यानंतर ठरावीक अंतरावर लहान खड्डे घ्यायचे आणि त्यातली माती चाळणीनं चाळायची. खापरी, मणी, कोळसा, हाड, जे सापडेल ते कुठल्या थरात सापडलं ते लिहून ठेवायचं. पुष्कळदा काहीच सापडत नाही. मग तसं लिहून काम सुरू करायला मोकळीक देतात. काही सापडलंच तर तीन वाटा असतात: पूल थोडा सरकवायचा, जोडरस्त्याचं वळण बदलायचं, नाहीतर आधी नीट उत्खनन करून मग बांधायचं. जुना पूलच ऐतिहासिक असेल तर त्याचाही विचार करतात. काही जुने लोखंडी पूल उचलून दुसरीकडे पायवाटेवर नेऊन बसवलेले आहेत.

हे कौतुक करताना मला परदेशाचे गोडवे गायचे नाहीत. ज्या साहेबानं आपल्याकडे पुरातत्त्व खातं आणलं, त्याच्याच राज्यात पुलांनी आणि रस्त्यांनी काय गिळलं तेही सांगते.

काशीजवळचं सारनाथ आपल्याला दोन कारणांनी ठाऊक आहे. भगवान बुद्धांनी पहिला उपदेश तिथं केला, आणि आपल्या परंपरेत तीच सिंहपुरी, अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांची जन्मभूमी. यात्रेला गेलेल्या बायकांनी स्तूपाला लागून असलेलं आपलं मंदिर पाहिलेलं असेल. १७९४ साली तिथला एक मोठा स्तूप विटांसाठी पाडला गेला. पुढं १८३५-३६ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिथं खोदकाम केलं आणि पुष्कळ मूर्ती उजेडात आणल्या. त्यातल्या काही कलकत्त्याला गेल्या. ज्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि कोरीव दगड मागे राहिले त्यांचं काय झालं? वरुणा नदीवर पूल बांधायचं काम निघालं होतं. खांबांना पाण्याचा मार बसू नये म्हणून त्या मूर्ती नेऊन नदीत टाकल्या. नंतर त्याच नदीवर दुसरा, लोखंडी पूल झाला, त्यासाठी सारनाथच्या इमारतींचे पन्नास-साठ गाड्या दगड गेले. ज्यांच्यापुढं कधी काळी कुणी फुलं वाहिली, त्या मूर्ती पुलाच्या पायाशी गाळात गेल्या. पूल बांधणारा कुणी राक्षस नव्हता. त्याला दगड हवे होते आणि दगड जवळ पडलेले होते, एवढंच.

हडप्प्याची गोष्ट त्याहून मोठी. लाहोर-मुलतान रेल्वेच्या कामाला खडी हवी होती. जवळच्या टेकाडात पक्क्या भाजलेल्या विटा सापडल्या. सुमारे १६० किलोमीटर लोहमार्गाखाली त्या विटा पसरल्या गेल्या. त्या चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या नगराच्या विटा आहेत हे कळायला १९२० नंतरचा काळ उजाडला. तोवर त्यांच्यावरून कितीतरी गाड्या धावून गेल्या होत्या.

आता आपल्या बेळगावकडे या. किल्ल्यातली कमल बस्ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. छतातलं ते दगडी कमळ बघताना मान दुखते, तरी खाली करवत नाही. सौंदत्तीच्या रट्ट राजांपैकी चौथा कार्तवीर्य राज्य करत असताना त्याचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली इथं जिनालय बांधलं. त्या काळातले दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावच्या जिनालयाची कागदपत्रं, म्हणजे ते दगड, सातासमुद्रापार. आणि किल्ल्याच्या तटाकडे नीट पाहिलं तर भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. कुठल्या देवळाचे, कुणाच्या दानाचे, ते आता कोण सांगणार? जागचा दगड हलला की तो बोलायचा थांबतो. मूर्ती उचलून संग्रहालयात ठेवली तर ती वाचते हे खरं, पण ती कुठं उभी होती, कुठल्या दिशेला तोंड करून, शेजारी काय होतं, ते सगळं जातं. म्हणून पाहणी आधी करायची असते. काम सुरू झाल्यावर ‘काही सापडलं तर बघू’ म्हणण्यात अर्थ नसतो.

आता मुख्य गोष्ट सांगते, हंपीच्या पुलाची.

श्रवणबेळगोळला निघालेल्या आमच्या महिला मंडळाच्या बसनं वाटेत लक्कुंडी आणि हंपी केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. लक्कुंडीला अत्तिमब्बेनं १००७ साली बांधलेलं ब्रह्म जिनालय. ही तीच बाई, जिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. दुथडी भरलेली गोदावरी तिच्या पुण्याईनं ओसरली अशी कथा तिच्याबद्दल सांगतात. बसमधल्या एकीनं ती कथा मोठ्या रंगात सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तुंगभद्रेच्या काठी उभ्या राहिलो तेव्हा ती कथा मला पुन्हा आठवली, कारण समोर एक नदी होती आणि ती ओलांडायचा पूल पडलेला होता.

हंपीच्या कमलापूरहून नदीकडे जाणारा रस्ता तळवारघट्ट नावाच्या उताराशी जातो. पलीकडे आनेगुंदी. विजयनगरच्याही आधीची ती जुनी राजधानी. याच वाटेवर आपलं गाणगित्ती जिनालय आहे. गाणगित्ती म्हणजे कानडीत तेलीण. नाव नंतर पडलेलं आहे. मंदिर कुंथुनाथांचं, बांधलं इरुगप्प या जैन सेनापतीनं, दुसऱ्या हरिहर रायाच्या काळात, १३८५ च्या सुमाराला. समोरच्या उंच स्तंभावर तो लेख आहे. पुढं नदीजवळ जुन्या शहराची वेस लागते. काठानं थोडं गेलं की विठ्ठल मंदिर. पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही आपल्या मराठी मुलखातली गोष्ट याच देवळाशी जोडलेली आहे. आणि त्या भागात नदीच्या पात्रात दगडी खांबांच्या रांगा उभ्या आहेत. तो विजयनगरकाळचा पूल. वरचा रस्ता केव्हाच गेला, खांब राहिले.

कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या आसपास, दोमिंगो पायस नावाचा पोर्तुगीज इथं आला होता. इथं लोक नदी कशी ओलांडतात ते त्यानं लिहून ठेवलं आहे. वेताच्या गोल टोपल्यांसारख्या नावा, बाहेरून कातडं चढवलेलं, एकेका नावेत पंधरा-वीस माणसं. पाचशे वर्षांनी आम्हीही तशाच गोल नावेत बसलो. कातड्याच्या जागी प्लास्टिक आणि डांबर आलं होतं, तेवढाच फरक.

हंपी १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथं दोन पुलांचं काम निघालं. एक तळवारघट्ट ते आनेगुंदी असा वाहनांचा पूल, आणि दुसरा विरुपापूर गड्डीकडे जाणारा पायी पूल. दोन्ही तारांवर टांगलेले, दोन्ही संरक्षित क्षेत्रात. आधी पाहणी झाली नाही. जागतिक वारशाच्या समितीला काम अर्ध्यावर आल्यावर सगळं समजलं. तोवर पायी पुलाच्या कामात काठावरचा एक जुना मंडप जागचा हलवला गेला होता. वाहनांचा पूल झाला तर त्याला जोडणारा रस्ता जुन्या शहराच्या मधून जाणार, वेशीतून जाणार, आणि ट्रकच्या धडधडीनं भिंती हादरणार, ही काळजी त्याहून मोठी होती. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हंपीचं नाव धोक्यात असलेल्या वारशाच्या यादीत टाकलं गेलं.

काम थांबलं. मग तज्ज्ञांच्या भेटी, अहवाल, बैठका. हंपीसाठी २००२ मध्ये कर्नाटकानं वेगळा कायदा करून प्राधिकरण नेमलं. वाहतुकीला मर्यादा घालायच्या, या बोलीवर वाहनांचा पूल पुरा करायचं ठरलं. २००६ साली हंपी धोक्याच्या यादीतून बाहेर आलं. काम पुन्हा सुरू झालं, आणि २२ जानेवारी २००९ रोजी काम चालू असतानाच तो पूल नदीत कोसळला. त्यावर काम करणारे मजूर मेले. आम्ही गेलो तेव्हा पात्रात त्याचे अवशेष होते आणि त्यांच्याकडे बघत आम्ही टोपलीतून पलीकडे गेलो.

नावेत आनेगुंदीची एक म्हातारी होती. डोक्यावर भाजीची पाटी. आमच्यातल्या एकीनं तिला कानडीत विचारलं की पूल नाही झाला ते बरंच झालं नाही का, इथली शांतता टिकली. म्हातारी आमच्याकडे बघतच राहिली. तिनं मग जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही एक दिवस येता म्हणून तुम्हाला ही नाव गमतीची वाटते. नदी चढली की नाव बंद होते आणि सुनेला कळा सुरू झाल्या तर मोठा वळसा घालून दवाखाना गाठावा लागतो. आमच्या बसमधल्या बायका गप्प झाल्या. कुणाला काही उत्तर सुचेना, कारण ती बरोबर होती.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान तिचंच झालं. इतिहास विरुद्ध विकास असं जे नेहमी सांगतात ना, ते मला पटत नाही. पहिल्या दिवशीच कुणी नकाशा उलगडून विचारलं असतं, की बाबांनो, हा उतार कशामुळे जुना आहे, रस्ता कुठल्या वेशीतून जाणार आहे, दुसरी जागा आहे का, तर काय झालं असतं? दुसरी जागा होती. पुढं बुक्कसागर आणि कडेबागिलू या गावांच्या दरम्यान पूल झालाच, स्मारकांच्या दाटीपासून दूर. तोच पूल आधी होऊ शकला असता. मंडप जागेवर राहिला असता, म्हातारीच्या सुनेला रस्ता मिळाला असता, आणि ते मजूर संध्याकाळी घरी गेले असते. पूल कोसळला तो पुरातत्त्वामुळे नव्हे हे उघड आहे. पण चुकीच्या जागी आरंभलेलं, थांबलेलं, पुन्हा उकरून काढलेलं काम होतं ते. न विचारता केलेल्या कामाला दहा वर्षं लागली आणि शेवटी हाती काही आलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट अंधारात नदीत गेली. श्रावणाच्या तोंडावरची ती रात्र कोकणातली माणसं विसरणार नाहीत. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जुन्याचा मोह धरून माणसांचे जीव धोक्यात घालावेत असं कुठलाही धर्म सांगणार नाही, आपला तर नाहीच. जिथं पूल खचला आहे तिथं तो बदललाच पाहिजे, आणि लवकर. पण पाहणीला वेळ लागतो तो ती उशिरा सुरू केल्यामुळे. पुलाचा आराखडा, निविदा, पैशाची मंजुरी यात वर्षं जातात. त्याच काळात चार जाणती माणसं काठावर फिरून आली तर एक दिवसही वाया जात नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० साली त्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागणार, असं ठरलं. पण यातला ‘संरक्षित’ हा शब्द बघा. केंद्र सरकारच्या यादीत सगळ्या देशातली मिळून सुमारे ३,७०० स्मारकं आहेत. राज्यांच्या याद्या वेगळ्या, पण त्याही तोकड्या. आपल्या या भागात गावोगाव पडक्या बस्त्या, वीरगळ, सतीचे दगड, जमिनीतून अर्धवट डोकावणाऱ्या मूर्ती आहेत. यादीत नाव नाही म्हणजे त्यांच्याभोवती १०० मीटरसुद्धा नाहीत, एक वीतही नाही. मातीखाली जे आहे त्याचा तर कुठल्याच यादीत पत्ता नाही. बेळगावच्या अगदी कडेला वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती मिळाली. आता त्या मातीवर घरं झाली आहेत.

जुना पूलच इतिहास असेल तेव्हा काय करावं, याचं एक चांगलं उदाहरण आपल्या यात्रेच्या वाटेवरच आहे. श्रीरंगपट्टणला कावेरीवर दिवाण पूर्णय्यानं १८०४ साली दगडी पूल बांधला. गव्हर्नर जनरलच्या नावावरून त्याला वेलस्ली पूल म्हणतात. नुसते दगडी खांब आणि वर दगडी तुळया. आताची वाहनं शेजारच्या नव्या पुलावरून जातात आणि जुना तसाच ठेवलेला आहे. नव्यासाठी जुना पाडायलाच हवा असं नसतं. चार पावलं बाजूला सरकलं तर दोघांनाही जागा होते. दोन सुनांच्या घरात नाही का आपण दोन चुली मांडत?

आता हे सगळं मी बायकांसाठी का लिहिते आहे, ते सांगते. इतिहासाच्या पुस्तकांत आपण फार थोड्या सापडतो. राजांच्या बखरीत राण्यांचीसुद्धा नावं धड येत नाहीत. पण दगडांवर आपण आहोत. श्रवणबेळगोळच्या लेखांत होयसळ राणी शांतलेची आई माचिकब्बे हिचं नाव आहे. मुलीच्या मृत्यूनंतर तिनं सल्लेखना घेऊन देह ठेवला, ते दगडावर कोरलेलं आहे. अशा स्मारकाला आपण निषिधी म्हणतो. त्यात आर्यिका आहेत, साध्या श्राविकाही आहेत. कुणी दान दिलं, कुणी व्रत केलं, कुणी शांतपणे देह ठेवला. कागदावर ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना दगडावर मिळाली. श्रवणबेळगोळ जपलेलं आहे म्हणून माचिकब्बे आपल्याला भेटते. गावाकडच्या ओढ्याकाठची निषिधी कुणी जपलेली नाही. तिच्यावर धुणं आपटलं जातं, तिला शेंदूर फासून म्हसोबा केलं जातं. शेंदूर लागला तर एका परीनं बरंच, निदान कुणी हलवत नाही. खरी भीती भरावाची. सपाट, घडीव, हाताशी असलेला दगड मोरीच्या तोंडाला फार छान बसतो. वरुणेच्या पुलाचं झालं ते दोनशे वर्षांपूर्वीचं आणि दूरचं वाटतं, पण गावातल्या मोरीला तेच होत असतं.

हे दगड कुठं आहेत ते पुरातत्त्व खात्याच्या साहेबापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे. नदीवर धुणं कुणी नेलं? आपणच. नागपंचमीला वारुळाला, पौर्णिमेला वडाला, गौरीच्या खड्यांना नदीकाठी कोण गेलं? आपण किंवा आपल्या शेजारणी. प्रत्येकीला माहेरच्या ओढ्याचा एखादा दगड आठवतो, ज्यावर काहीतरी कोरलेलं होतं आणि ज्याला आजी पाय लावू देत नसे. ती आजीची पाहणीच होती, कागदावर न आलेली.

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. माहेरी गेलात की एक वही घेऊन जा. नदीकाठच्या, पुलाजवळच्या, वाटेवरच्या जुन्या दगडांची यादी करा. कुठं आहे, कुठल्या बाजूला तोंड आहे, काय कोरलं आहे, म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात, एवढं लिहा. फोनमध्ये फोटो काढा. दगड हलवू नका, घासूनपुसून रंगवू नका, तेल ओतू नका. अक्षरं असली तर त्यांवर पीठ किंवा खडूही फिरवू नका, नुसता तिरप्या उन्हात फोटो घ्या, अक्षरं आपोआप उठून दिसतात. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक जिल्ह्याच्या ठिकाणी पुरातत्त्व खात्याला पाठवा, एक बस्तीत ठेवा. गावात पुलाचं काम मंजूर झालं असं कानावर आलं की ती यादी घेऊन ग्रामसभेला जा आणि एवढंच विचारा, की भराव कुठून येणार आणि वळणरस्ता कुठून काढणार. पूल नको म्हणू नका. पूल हवाच. खोदताना मूर्ती निघाली तर ती परस्पर बस्तीत नेऊन बसवायची घाईही करू नका, कितीही मन झालं तरी. जमिनीतून निघालेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यायची, असा १८७८ पासून कायदा आहे. आधी फोटो, जागेची खूण, पंचनामा, मग पुढचं. मूर्ती कुठं सापडली हे लिहून ठेवलं तर तिच्यामागे एखादी आख्खी बस्ती सापडू शकते.

आमच्या मंडळातल्या सहाजणींनी गेल्या वर्षी अशा वह्या केल्या. त्यातल्या एकीच्या वहीत, तिच्या माहेरच्या ओढ्यावरच्या मोरीजवळ, छत्र आणि खाली बसलेली एक स्त्री असं कोरलेला दगड नोंदलेला आहे. लेख झिजलेला आहे, वाचता येत नाही. ती मोरी अरुंद पडते म्हणून तिथं पूल व्हायचा आहे. वहीची प्रत पंचायतीत दिली आहे. काम अजून सुरू झालेलं नाही.